माझ्या नेमणुकीवर झालेली चर्चा

आमच्या मंडळाच्या घटनेत एक कलम आहे. अध्यक्ष निवडून आला की कार्यकारिणी तो स्वतः नेमतो, आणि मग सभा बोलावून त्या नावांवर चर्चा होते. मतदान नाही, फक्त चर्चा. हे कलम ज्याने लिहिलं तो गृहस्थ पुढे सिडनीला निघून गेला, पण त्याला मराठी माणूस नीट कळला होता. मतदानात एकदा हात वर केला की विषय संपतो. चर्चा संपत नाही, आणि चर्चेत बोललेल्या कुठल्याही गोष्टीची जबाबदारी कुणावर येत नाही.

मंडळ आमचं मेलबर्नच्या कडेच्या क्रेगीबर्नचं आणि आसपासच्या उत्तरेकडच्या वस्त्यांचं. बहुतेक जण पुण्या-मुंबईहून कंपनीच्या व्हिसावर आलेले, काही माझ्यासारखे विद्यार्थी म्हणून येऊन चिकटून राहिलेले. एरवी अध्यक्षपदासाठी लोक महिनाभर आधीपासून घरोघरी वडापाव खाऊ घालत. पण मेलबर्नचा तो दुसरा, लांबलेला लॉकडाऊन आला आणि पदातली हवाच गेली. गणपती झूमवर, कोजागरी झूमवर, मिरवायला ना स्टेज ना पैठणी. कुणी उभं राहीना, तेव्हा माझी एक मैत्रीण उभी राहिली आणि बिनविरोध निवडून आली. मंडळाची पहिली बाई अध्यक्ष. ती फार्मसीत काम करायची, आणि विद्यार्थी असताना आम्ही दोघी एका घरात, एकाच फ्रीजमधलं एकमेकींचं दूध चोरून राहिलो होतो.

बिनविरोध निवडून आलेल्या माणसाचा एक घोटाळा होतो. आपल्याला सगळ्यांचा पाठिंबा आहे असं त्याला वाटायला लागतं. तिने आठ दिवस घरात बसून नावं ठरवली आणि एका रविवारी सकाळी ग्रुपवर टाकली. नाट्यविभाग अशा माणसाकडे, जो आजवर मंडळात फक्त जेवणाच्या वेळी दिसला होता. क्रीडाविभाग एका मुलीकडे, जिचा नवरा पंजाबी. आणि शनिवारची मराठी शाळा माझ्याकडे. दुपारपर्यंत ग्रुपवर ‘अभिनंदन’ आणि फुलांचे गुच्छ पडले. आमच्याकडे फुलं जितकी जास्त, तितकी आतून जळजळ जास्त, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं.

शाळा आजवर माजी अध्यक्षांची बायको चालवायची. बाई पुण्याच्या पेठेतल्या, आवाज रेडिओसारखा, आणि ‘मी काही मागत नाही हो’ असं म्हणत सगळं मिळवण्याची सवय. त्यांच्या शाळेत मुलं वर्षभर श्लोक पाठ करायची, गॅदरिंगला म्हणून दाखवायची आणि घरी जाताना गाडीत विचारायची, “मम्मा, व्हॉट डिड आय से?” माझ्या मैत्रिणीला वाटलं, मुलांनी थोडं बोलायलाही शिकावं. तिने मला विचारलं. मी हो म्हटलं, कारण लॉकडाऊनमध्ये माझं आयुष्य डायनिंग टेबलाएवढं झालं होतं. नवरा कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर. पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपली दारं लावून घेतली आणि तो पलीकडेच राहिला. मी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी दहा वर्षांची मुलगी लॅपटॉपवर तिची शाळा करायची.

त्या सगळ्या काळात आमच्या घरात एकच गोष्ट चांगली घडत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी आई बार्शीला असते. असायची. तिची पिठाची गिरणी होती, वडील गेल्यावर ती आणि माझा भाऊ चालवायचे. दुपारी तिकडची वीज गेली की पट्टा थांबायचा, आई पदराने चष्मा पुसायची आणि व्हिडिओ कॉल लावायची. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ. उभा जन्म गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे ती ओरडूनच बोलायची, आणि तिला ऐकूही कमी यायचं, त्यामुळे समोरच्यालाही ओरडावं लागायचं. माझी मुलगी इंग्रजीत अगदी हळू बोलणारी. वर्गात तिचा आवाज येत नाही अशी टीचरची नेहमीची तक्रार. पण आजीशी मराठीत बोलायला लागली की पोरीचा आवाज छपराला जाऊन भिडायचा.

“आज्जे, ऐकू यायलंय का?” ही किंचाळायची.

“यायलंय की. कान काय तुजा बा घेऊन गेलाय व्हय कालगुर्लीला?”

मग दोघी भांडायच्या. कुणाचा दिवस जास्त वाईट गेला यावरून, भाकरी चांगली की ब्रेडला फासायचं वेजिमाइट यावरून, पोरीने केस कापले त्यावरून. मी स्वयंपाक करताना ऐकत राहायची. आई शिकवत नव्हती आणि मुलगी शिकत नव्हती, पण वर्षभरात पोरीच्या तोंडात बार्शीची आख्खी बोली बसली, हेल, शिव्या, सगळं. पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर हॉस्टेलच्या मुलींनी माझ्या ज्या बोलण्याची टर उडवली होती आणि जे मी सहा महिन्यांत घासून पुसून टाकलं होतं, ते माझ्या मुलीच्या तोंडातून परत ऐकू यायला लागलं. मला बरं वाटायचं. माझ्या आईला नात मिळाली होती आणि माझ्या मुलीला आवाज मिळाला होता. मला त्यापलीकडे काही नको होतं.

नावं जाहीर झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रुपवर अनावृत पत्र आलं. खाली सही ‘काही हितचिंतक’. सुरुवात अर्थातच ‘आमचा रोख कुणाही व्यक्तीवर नाही’ अशी, आणि पुढे व्यक्तीच व्यक्ती. पंजाबी नवऱ्याचा उल्लेख ‘सांस्कृतिक एकजिनसीपणा’ या शब्दात होता. नाट्यविभागाच्या माणसाने लगेच एका ज्येष्ठ सभासदाला उपप्रमुख करून घेतलं आणि त्याच्यावरचं बालंट गेलं. पंजाबी नवरा निघाला वकील. त्याने एक नम्र मेसेज टाकला आणि ते प्रकरणही मिटलं. उरले मी. माझ्या मागे ना वकील, ना ज्येष्ठ, नवरा घड्याळात तीन तास मागे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. सगळा राग वाहत येऊन माझ्या दारात साचला.

पहिल्यांदा म्हणाले, हिला शिकवण्याचा अनुभव नाही. मग म्हणाले, नवरा तिकडे, ही इकडे एकटी, वेळ कसा देणार. हे लिहिणाऱ्या बाईला मी तिच्या बाळंतपणानंतर तीन आठवडे डबा पोचवला होता. तिने माझ्या एकटेपणाची इतकी काळजी केली की वाचून मलाच माझी दया आली. आणि मग कुणीतरी तो प्रश्न टाकला, ज्याच्यावर सगळे तुटून पडले. जिची स्वतःची मुलगी मराठी बोलत नाही, ती दुसऱ्यांच्या मुलांना काय शिकवणार?

त्यांच्या मते ती बोलत नव्हती, कारण मंडळात कुणी काही विचारलं की ती बाकीच्या सगळ्या मुलांसारखी खाली बघून “आय ॲम गुड, थँक्स” म्हणायची. हे लिहिणाऱ्यांच्या घरात कुठल्या मुलाला मराठी येत होतं? माजी अध्यक्षांचा मुलगा युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि ‘आई’ सोडून त्याला एक शब्द येत नव्हता. पण तो विषयच नव्हता. विषय मी होते. लोक लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या आत कोंडलेले, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचे आईवडील तिकडे एकटे, आणि राग काढायला एक बाई आयती मिळालेली. मी समजूतदारपणे असं म्हणते आहे, पण मला तेव्हा काही समजून घ्यायचं नव्हतं आणि आजही नाही.

सभा शनिवारी दुपारी झूमवर झाली. एरवी कोरम भरायला फोन करावे लागतात, त्या दिवशी पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकोनांची तीन पानं भरली. लोक चहा घेऊन बसले होते. एकाच्या मांडीवर तर चिवड्याची बशी होती. माझ्या मैत्रिणीने सुरुवात केली, “अध्यक्ष म्हणून टीम निवडायचा हक्क मला घटनेने दिलाय.” आवाज ठाम होता. मग चर्चा सुरू झाली आणि तो आवाज परत ऐकू आला नाही.

एकेक जण हात वर करायचा, अनम्यूट व्हायचा आणि म्हणायचा, “लिसन, पर्सनल काही नाही हं.” मग मी किती चांगली आहे ते सांगायचा. मग ‘पण’ यायचा. सगळे मला ‘ताई’ म्हणत होते. एरवी आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो. माणसाला आदराने मारायचं असलं की मराठीत फार सोय आहे. माजी अध्यक्षांच्या बायकोने एवढंच म्हटलं की, “मला पदाचा मोह नाही हो, मला फक्त मुलांची काळजी वाटते,” आणि पडद्यावर तीस-चाळीस माना हलल्या.

मी म्हटलं, “माझी मुलगी मराठी बोलते.”

“असेल ना, असेल,” माजी अध्यक्ष हसून म्हणाले. “घरातच आहे का ती? बोलवा की. आपलीच मुलगी आहे. दोन वाक्यं म्हणून दाखवू दे, म्हणजे विषयच संपला.”

म्हणून दाखव. पाहुणे आले की पोरांना पुढे ढकलून जे करायला लावतात ते. काकांना शुभंकरोति म्हणून दाखव, मावशीला पाढे म्हणून दाखव. आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी चड्डी सावरत ते केलेलं असतं आणि मोठं झाल्यावर आपण ते प्रेमाने दुसऱ्यांच्या पोरांकडून करून घेतो. मी म्हटलं, “नाही. ती परीक्षा द्यायला बसलेली नाही.” तेवढ्यात माझ्या मैत्रिणीचा खाजगी मेसेज आला: ‘आण ना तिला. दोन मिनिटांत तोंडं बंद होतील सगळ्यांची.’ मी तिलाही नाही म्हणून लिहीत होते.

पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माझ्या मुलीने तासभर सगळं ऐकलं होतं. तिला मराठी येत नाही, ही तक्रार तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीतून ऐकली होती आणि तिला त्यातला शब्दन्‌शब्द कळला होता. ती उठली, माझ्या खुर्चीच्या कडेला टेकली आणि कॅमेऱ्यात बघून, आजीशी बोलते त्या आवाजात, बोलायला लागली.

“नमस्कार. मला समदं कळायलंय तुमी काय बोलायलाव ते. माज्या आईला लई मराठी येतंय. मला बी येतंय. मी रोज सांजच्याला आज्जीसंगं भांडते, आन आज्जी म्हनती मीच जिंकते.”

मग चिवड्याची बशी हलायला लागली. एका चौकोनात कुणाचे तरी खांदे हलत होते, दुसऱ्यात एका बाईने ओढणी तोंडावर धरली. बहुतेक सगळे म्यूटवर होते, त्यामुळे हसण्याचा आवाज नव्हता, नुसती उघडी तोंडं. माझी मुलगी पण हसली. तिला वाटलं, आपलं बोलणं आवडलं.

“अय्या, काय गोड,” माजी अध्यक्षांची बायको म्हणाली. “कुठून उचललंस गं हे?”

आणि त्याच वेळी एक गृहस्थ, आपण म्यूटवर आहोत अशा समजुतीत, शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला, “अगं, सेम टू सेम आपल्या बिबवेवाडीची कामवाली. ही शिकवणार मुलांना?”

ते सगळ्यांना ऐकू गेलं. आता हसण्याचा आवाजही आला, कारण काहींना अनम्यूट होऊन ‘अरे अरे’ म्हणायचं होतं आणि ते म्हणताना त्यांना हसू आवरेना. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला ‘कामवाली’ हा शब्द माहीत नसावा, पण तो कसा म्हटला गेला ते तिला कळलं. तिचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढून घ्यायला ती विसरली होती. मला त्या सगळ्या चौकोनांच्या एकेक मुस्काटात मारावंसं वाटलं. मी लॅपटॉप मिटला. एवढंच करता आलं.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. आधी ती रडली. मग म्हणाली, “यार, तो माणूस इडियट आहे, मी त्याला सॉरी म्हणायला लावते. बट तू बघ ना, वातावरण कसं झालंय. मी पहिली बाई आहे गं. मला फेल होऊन चालणार नाही. तू स्वतःहून नाव मागे घेतलंस तर मला सोपं जाईल.”

“माझं नाव तू घातलंस. तूच काढ,” मी म्हटलं.

तिने काढलं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून, मला शुभेच्छा देऊन. खाली पुन्हा फुलांचे गुच्छ. शाळा माजी अध्यक्षांच्या बायकोकडे परत गेली. तिने ती ‘सर्वांच्या आग्रहाखातर’ स्वीकारली. ‘सॉरी’ मलाही आलं, एका ओळीचं, हात जोडलेल्या चित्रासकट: नो ऑफेन्स मेंट, वुई ऑल लव्ह हर.

पद गेलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण सभा कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केली होती. माझ्या मुलीचं ते अर्ध्या मिनिटाचं बोलणं ‘क्यूटेस्ट मोमेंट’ म्हणून एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेलं, आणि घराघरात मुलांना दाखवलं गेलं. त्या मुलांना आईबाप वर्षानुवर्षं मराठी शिकवायला धडपडत होते आणि ती शिकत नव्हती. हे मात्र त्यांनी एका दुपारात उचललं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मैदानावर आमच्याच मंडळाची चार-पाच पोरं तिच्या मागे फिरायची, हेल काढत, “मला बी येतंय, मला बी येतंय.” आजही त्यांतल्या काहींना मराठीतलं तेवढं एकच वाक्य येतं.

घरी आली की ती काही सांगायची नाही. मला हे दुसऱ्या एका आईकडून कळलं, ती हसत हसतच सांगत होती. मी शाळेत जाऊन टीचरला भेटले. टीचर भली होती, पण तिला कळेना. दोन्ही बाजूंची मुलं भारतीय, दोन्ही बाजूंचं बोलणं मराठी, मग टीझिंग कशाचं? मी तिला काय समजावणार होते? पुणे आणि बार्शी यांच्यातलं अंतर तिला नकाशावर दिसलं असतं फार तर.

मुलीने मराठी बोलणं बंद केलं. भांडून नाही, ठरवून नाही. आजीचा फोन आला की ती समोर बसायची आणि शाळेत बोलते त्या आवाजात म्हणायची, “हाय आजी. आय ॲम गुड. हाउ आर यू?”

“काय म्हनली?” आई पलीकडून ओरडायची. “आगं, ऐकू येईना. जोरात बोल की.”

ही तेच वाक्य तितक्याच हळू परत म्हणायची. मी मध्ये पडून मोठ्याने सांगायची, ती बरी आहे म्हणते. आई कान स्क्रीनला लावायची, मग पडद्यावर नुसता कान, त्यातली सोन्याची बुगडी आणि कडेला पिठाची पांढरी रेघ. पोरगी त्या कानाकडे बघत बसायची. काही दिवसांनी ती गृहपाठ आहे म्हणून खोलीत जायला लागली.

आईने मला एकदा विचारलं, “माजं काय चुकलं का गं? मी तिला केसावरनं बोलले म्हनून रागावलीया का?”

तिला काय सांगू? तुझ्या बोलण्याला माणसं हसली म्हणून तुझ्या नातीने तुझं बोलणं टाकून दिलं, असं? मी म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन आहे. आईला ते पटलं नाही. तिने पुढच्या वेळी मुलीला सांगितलं, “पोरी, केस लई झ्याक दिसत्यात बरं का,” आणि वाट बघितली. मुलगी म्हणाली, “थँक यू.” आईला ते कळलं, तेवढं इंग्रजी तिला येत होतं, पण ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं, थँक यू म्हणतेय. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये मी दुभाषी म्हणून बसले होते, आणि मला त्या मंडळातल्या एकेकाचा द्वेष वाटत होता.

पुढच्या एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली. आमच्याकडे तेव्हा सगळं उघडलं होतं, लोक बार्बेक्यू करत होते. भावाचा फोन आला, आईला ताप आहे. मग ऑक्सिजन उतरलाय. मग बेड मिळालाय. मला जाता येत नव्हतं. इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती, आणि तिकडून परत येणारी विमानं सरकारने थांबवली होती. गेले असते तर मुलीला कुणाकडे आणि किती दिवस ठेवणार होते? तिचा बाप कालगुर्लीहून पर्थपर्यंत पोचला होता आणि तिथून पुढच्या विमानाची वाट बघत होता. भाऊ दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा, त्यालाही आत सोडत नव्हते. वॉर्डातली एक नर्स भली होती. ती रोज सगळ्यांच्या नातेवाइकांना तिच्याच फोनवरून कॉल लावून द्यायची.

आमची पाळी आली तेव्हा इथे दिवेलागण झाली होती. मी स्वयंपाकघरात होते, फोडणीचा धूर जावा म्हणून खिडकी उघडी होती. क्रेगीबर्नची घरं एकमेकांना खेटून. आमच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची खिडकी, आणि शेजारी मंडळातलेच. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात, मैदानावर मागे फिरणाऱ्यांतली एक.

पडद्यावर आई होती. मास्कमुळे तिला बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते आणि ते मला शोधून पलीकडे कुणाला तरी शोधत होते. मी हाक मारायच्या आधीच मुलगी धावत आली आणि माझ्या कुशीत शिरून फोनसमोर बसली.

“हाय आजी,” ती म्हणाली.

आईने हात उचलला. सलाईन लावलेला तो हात तिने कसाबसा कानापर्यंत नेला आणि दोन बोटं हलवली.

“जोरात बोल बाळा,” नर्सचा आवाज आला. “आजींना ऐकू येईना. आन लवकर, अजून बाकीचे थांबलेत.”

मुलीने तोंड उघडलं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. पलीकडे दिवा लागलेला होता आणि पडद्यामागे कुणीतरी हिंडत होतं. ती माझ्या कुशीतून निसटली, खिडकीपाशी गेली आणि ती सरकवून लावली. तिचा खटका नीट बसत नाही, दोनदा ओढावी लागते. तिने दोनदा ओढली. मी ओरडत होते, “राहू दे गं, राहू दे, ये इकडे.” ती मागच्या दारापाशी गेली आणि तेही लावलं. मग पळत आली, फोन दोन्ही हातांत धरला आणि पोटातून हाक मारली, “आज्जे!”

पडद्यावर वॉर्डाचं छत होतं आणि नर्सच्या निळ्या गाऊनची बाही. नर्स दुसऱ्या कुणाला तरी म्हणत होती, “हां, तुमचा नंबर सांगा.” कॉल बंद झाला. मुलगी बंद फोनला म्हणत राहिली, “आज्जे, मी हाय. ऐकू यायलंय का? आज्जे.” मी परत परत लावला. नर्सने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी आई गेली. भावाला तिचं तोंडही लांबूनच दाखवलं.

मंडळाच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजल्या आल्या. चिवड्याची बशी, ओढणी, बिबवेवाडी, सगळ्यांच्या आल्या, सगळ्यांनी हात जोडले. काहींनी दारात डबे ठेवले. मी ते डबे उघडले नाहीत, कचऱ्यात टाकले, भांड्यांसकट. माजी अध्यक्षांच्या बायकोचं स्टीलचं भांडं चांगलं जाड बुडाचं होतं. मला ते टाकताना बरं वाटलं.

तेरा दिवस झाल्यावर मैत्रिणीचा फोन आला. ती अजून अध्यक्ष होती. तिच्या आवाजात खरंच दुःख होतं; ती माझ्या आईला ओळखत होती, विद्यार्थी असताना आईने पाठवलेल्या शेंगाचटणीचा अर्धा डबा तिनेच संपवला होता. ती म्हणाली, “आम्ही कमिटीत ठरवलंय, युनॅनिमसली. शनिवारच्या शाळेत आईंच्या नावाने दरवर्षी एक बक्षीस द्यायचं. पाठांतर स्पर्धेत. शुद्ध उच्चारांसाठी.”

मला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. ती करत नव्हती. कमिटीतल्या कुणालाच त्यात काही दिसलं नव्हतं, कारण आई कशी बोलायची हे माझ्या मैत्रिणीखेरीज त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि ती विसरली होती. फोन स्पीकरवर होता. मुलगी समोर बसून टोस्ट खात होती.

“ती आहे का तिथे?” मैत्रीण म्हणाली. “बेटा, चालेल ना तुला? आजीच्या नावाचं प्राइज?”

मुलीने घास गिळला, हात पुसले आणि फोनकडे वाकून, अगदी हळू, म्हणाली, “थँक यू, आंटी. दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू.”

“किती समंजस झालीये गं,” मैत्रीण मला म्हणाली. “नाही तर केवढ्याने ओरडायची आधी. छान वळण लावलंस हं.”